गंजलेला बोल्ट आणि उतावळं मन



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक ३४ आणि ३५.

हे दोन श्लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्याइतकं अवघड आहे. भगवान ही तक्रार खोटी ठरवत नाहीत. मन चंचल आहेच, असं मान्य करून ते दोन साधनं सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

हे शब्द आपण इतक्यांदा ऐकलेत की ते गुळगुळीत झालेत. मला त्यांचा अर्थ थोडाफार कळला तो पोथीसमोर बसून नाही, तर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे गेली तीन वर्षं मी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी गाडी दुरुस्त करतोय. मास्तराचा पगार, मुलीची इंजिनिअरिंगची फी, घराचा हप्ता, हे सगळं सांभाळून. गाडी अजून पूर्ण झालेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाडी आणि अण्णा

गाडी आहे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही गाडी बनायची. आधी तिचं नाव फियाट ११०० डिलाइट होतं, पुढे पद्मिनी झालं. पण आमच्याकडे सगळे तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत आले. आजच्या मुलांना पटणार नाही, पण तेव्हा गाडी घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. अण्णांचा साताऱ्यात छोटा छापखाना होता. त्यांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. गाडी दारात आली तेव्हा मी चालायला लागलो होतो. म्हणजे ही गाडी आमच्या घरात आली तीच धीराच्या पोटी.

छापखाना बंद झाला, अण्णांचं वय झालं, आणि २००६ च्या सुमारास गाडी शेडमध्ये लागली ती लागलीच. उंदरांनी वायरिंग खाल्लं, टाकीतलं पेट्रोल आटून चिकट राळ झाली, फ्लोअरच्या पत्र्याला भोकं पडली. त्याच काळात अण्णांची नजर काचबिंदूने हळूहळू गेली. आज ते ८४ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते सहज म्हणाले, "एकदा फियाटमध्ये बसून माहुलीच्या संगमावर जाऊन यावंसं वाटतं बघ."

संगम माहुली साताऱ्यापासून अगदी जवळ, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर. रिक्षाने नेता आलं असतं. पण त्यांनी मागितली होती फियाट.

माझी पहिली चूक

मी काय केलं? घाई केली. अण्णांचं वय डोळ्यांपुढे होतं. मनात एकच, लवकर झालं पाहिजे. पतसंस्थेतून चाळीस हजारांचं कर्ज काढलं आणि थेट डेंटिंग-पेंटिंगला दिले. गाडी आधी देखणी झाली की पुढचं काम करायला हुरूप येईल, असं वाटलं. पुट्टी भरली, घासली, वर पांढराशुभ्र रंग. शेजारपाजारचे बघायला आले. मीही फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

पहिल्याच पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला फोड आले. नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली ओलसर पुट्टी, आणि तिच्याखाली तांबडा भुगा. गंज तिथेच होता. आम्ही फक्त त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. पुट्टी ओल धरून ठेवते. सडका पत्रा कापून त्या जागी नवा वेल्ड केल्याशिवाय आणि उघड्या लोखंडाला नीट प्रायमर दिल्याशिवाय वरचा रंग टिकत नाही. हे कुठलाही चांगला डेंटर सांगेल. मी विचारलंच नव्हतं. चाळीस हजार गेले, आणि हप्ते पुढे दोन वर्षं भरत होतो.

त्याच रागात मी इंजिनाकडे वळलो आणि दुसरा प्रताप केला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एक स्टड गंजून घट्ट बसला होता. पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा जोर काढला. 'टक्' असा आवाज आला आणि स्टड मुळाशी तुटला. दहा मिनिटं वाचवायला गेलो आणि तो तुकडा हेडमधून ड्रिल मारून काढायला वर्कशॉपमध्ये दोन आठवडे गेले.

मंडळी, ती घाई प्रेमातून आली होती, म्हणूनच ती मला ओळखता आली नाही. स्वार्थातून आलेली घाई माणसाला कधीतरी टोचते. प्रेमातून आलेली घाई आपल्याला पुण्यच वाटते.

अभ्यास: रोज अर्धा तास

तुटलेला स्टड बघून आमचे म्हातारे मेस्त्री हसले. म्हणाले, "सर, मुलांना एका दिवसात पाढे पाठ करायला लावता का? मग बोल्टला कशाला लावता?"

मग त्यांनी दाखवलं. आधी तारेच्या ब्रशने गंज झाडायचा. गंज सोडवणारं तेल सोडायचं, हातोडीने वरून हलकं हलकं टिचकायचं आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पाना लावायचा, तोही आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग किंचित सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. असं करत राहिलं की चौथ्या-पाचव्या दिवशी तोच बोल्ट बोटांनी फिरतो. आपण जोर लावत नसतो तेव्हासुद्धा तेल आपलं काम करत असतं.

इंजिन जाम होतं तेव्हाही हेच. प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि रोज संध्याकाळी चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हलकेच पुढे-मागे रेटून बघत होतो. दहा दिवस भिंत ढकलल्यासारखं वाटलं. अकराव्या दिवशी गाडी बोटभर सरकली आणि आत काहीतरी सुटल्याचं हाताला कळलं. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर लावून ओढली असती तर रिंगा तुटल्या असत्या नाहीतर बोअरला चरे पडले असते.

तेव्हापासून नियम केला. रविवारी आठ तास नाही; रोज संध्याकाळी अर्धा तास. रविवारचे आठ तास पाहुणे, लग्नं, पेपर तपासणी यांत हमखास बुडतात आणि मग महिनाभर अपराधी वाटत राहतं. अर्धा तास कुणी मागत नाही. जपाचंही असंच आहे, नाही का?

या अभ्यासात जे उपयोगी पडलं ते सांगतो. कुणाच्या घरी जुनी गाडी, स्कूटर, शिलाई मशीन, काहीही पडून असेल तर उपयोग होईल.

एक, सगळी गाडी एकदम खोलू नका. पैसे कमी असतील तर हे फार महत्त्वाचं. खोलायला एक आठवडा लागतो आणि जोडायला वर्षं. मधल्या काळात कुठला नट कुठला हे विसरलं की गाडी शेवटी भंगारात जाते. एक भाग खोला, साफ करा, जोडा, मगच पुढचा.

दोन, प्रत्येक नट-बोल्टला घर द्या. हे अण्णांनी शिकवलं. छापखान्यात मजकूर छापून झाला की शिशाचा प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकावा लागे. तो चुकीच्या घरात गेला की पुढच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकलंच. मी लहान पिशव्या आणल्या, त्यावर नाव लिहितो, आणि खोलायच्या आधी फोनवर फोटो काढतो.

तीन, वही ठेवा. आज काय केलं, उद्या काय करायचं, एवढंच. 'उद्या काय' हे लिहिलेलं असलं की दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन नुसतं बघत बसायला होत नाही.

चार, क्रम धरा. इंजिन फिरतंय की नाही ते आधी बघा, म्हणजे खर्च करण्यासारखं आहे का ते कळतं. मग ब्रेक, पेट्रोलची लाइन, वायरिंग. मग सडका पत्रा. रंग सगळ्यात शेवटी. जे दिसत नाही ते आधी करायचं आणि जे दिसतं ते नंतर. माझा क्रम नेमका उलटा होता.

आणि एक सुरक्षिततेचं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय डोकंसुद्धा घालायचं नाही. तिथे अर्ध्या मिनिटाचा उतावळेपणासुद्धा नको.

दोन हजारांचं पाकीट

पैशाचंही तसंच. पतसंस्थेचा धडा मिळाल्यावर पुन्हा कर्ज नाही असं ठरवलं. दर महिन्याला दोन हजार रुपये एका पाकिटात. हिने ते पाकीट देवघराच्या कपाटात ठेवलंय, म्हणजे उगीच हात जात नाही. ज्या महिन्यात काही लागत नाही, त्या महिन्याचे पुढे साठतात.

पैसे कमी असले की हात शिकतात. नवा कार्बोरेटर शोधत फिरण्याआधी आहे तो खोलला. रॉकेलने धुतला, जेटमधून हवा मारली. (जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि मिश्रण बिघडतं.) नवीन गॅस्केटचं किट घातलं आणि तो चालला. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक कानशीने साफ केले. टाकीत मूठभर लहान नट आणि थोडं रॉकेल घालून ती आम्ही बापलेकीने आळीपाळीने तासभर हलवली; त्यातून निघालेलं पाणी चहासारखं होतं.

पुण्याला गेलो की मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो तो. तिथे यादी घेऊन जायचं आणि यादीतलंच घ्यायचं. 'पुढे लागेल' म्हणून घेतलेल्या वस्तूंचा एक ट्रंकभर ढीग माझ्याकडे पडलाय, त्यातल्या अर्ध्या माझ्या गाडीच्या नव्हत्याच.

काही ठिकाणी मात्र काटकसर पाप आहे: ब्रेक, टायर, आणि पेट्रोलचे रबरी पाइप. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतो, चिरतो, आणि खाली गरम इंजिन असतं. तो नवाच आणि इथेनॉलला चालणाराच घ्यावा. आणि पत्र्याचं वेल्डिंग मी स्वतः करत नाही. जे येत नाही ते ज्याला येतं त्याला द्यावं, आणि त्याचे पैसे साठेपर्यंत थांबावं.

कागदपत्रंही आधी बघा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. हे सगळं मी पैसे घातल्यानंतर विचारायला गेलो. तुम्ही आधी जा.

वैराग्य: सोडून द्यायच्या गोष्टी

अभ्यास म्हणजे धरून ठेवणं, तर वैराग्य म्हणजे सोडणं. गाडीच्या कामात काय सोडायचं? मला तीन गोष्टी सोडाव्या लागल्या.

पहिली तुलना. रात्री फोनवर दुसऱ्यांच्या चकचकीत पद्मिनी बघायचो. आरशासारखं क्रोम, कोरी सीट. पंधरा मिनिटांत सहा महिन्यांचं काम दिसायचं आणि आपली शेड नकोशी व्हायची. ते बघणं बंद केलं. आमच्या बंपरवर ठिपके आहेत, राहू देत.

दुसरी तारीख. 'दिवाळीपर्यंत', 'अण्णांच्या वाढदिवसापर्यंत' असं म्हणत तीन मुदती चुकवल्या. प्रत्येक मुदत चुकली की आठ-दहा दिवस शेडकडे फिरकावंसं वाटेना. आता तारीख घालत नाही. उद्याचा अर्धा तास मात्र ठरलेला असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: ही गाडी पूर्ण होईलच हा हट्ट. गेल्या वर्षी अण्णा न्यूमोनियाने दवाखान्यात होते. पाकीट रिकामं झालं, त्याच्या वरही बरंच गेलं. चार महिने मी शेडचं दार उघडलं नाही. याच काळात एक गृहस्थ आले, आहे त्या स्थितीत गाडी घेतो म्हणाले. आकडा वाईट नव्हता आणि पैशांची गरज होती. मी रात्रभर जागा होतो. सकाळी अण्णांना विचारलं. म्हणाले, "विकायची तर वीक. माझ्यासाठी ठेवू नकोस. तुला करायची असेल तरच ठेव."

त्या वाक्याने डोक्यावरचं ओझं उतरलं. तोवर मी ते काम ऋण फेडल्यासारखं करत होतो. त्या संध्याकाळी शेड उघडली, काही खोललं नाही, जोडलं नाही. फक्त चाकाचे नट केरोसीनमध्ये धुतले आणि पुसून ओळीने ठेवले. वहीत लिहिलं: 'नट धुतले.' दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. खंड पडल्यावर परत सुरुवात करायची ती अशीच, सगळ्यात लहान कामाने. साधनेत खंड पडतो तेव्हाही आपण पहिल्या दिवशीच बुडालेलं सगळं भरून काढायला जातो आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

इंजिन चालू झालं त्या दिवशी

या जानेवारीत इंजिन चालू झालं. चोक ओढला, दोनदा खोकलं, निळा धूर निघाला आणि लागलं. लेक ओरडली. अण्णा काठी टेकत अंगणात आले, मान कलती करून ऐकत राहिले. मला वाटलं आता डोळे पुसतील. ते म्हणाले, "टॅपेट वाजतंय. तिसऱ्यापाशी बघ."

खरोखर ढिलं होतं.

आणि तेव्हाच मोह झाला. इंजिन चालतंय, माहुली इतकी जवळ, सकाळी सहाला रस्ता मोकळा. ब्रेक अजून झाले नव्हते, पण हँडब्रेक थोडा धरत होता. हळू जाऊ, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अण्णांचं वय ८४. पुढचा महिना कुणी पाहिलाय? मी म्हणालोही, "अण्णा, उद्या सकाळी जाऊ या का?"

त्यांनी एकच विचारलं. "ब्रेक झाले?"

"नाही अजून."

"मग कसलं जातोस?" आणि घरात गेले.

तीन वर्षं मी ज्यांच्यासाठी घाई करत होतो, त्यांना घाई नव्हती. ती माझीच होती.

पुढे दोन महिने मास्टर सिलिंडरच्या किटसाठी गेले. चारही चाकांचे ड्रम उघडले, लायनर बदलले, व्हील सिलिंडरचे रबर बदलले, जुनं काळं पडलेलं ब्रेक ऑइल काढून टाकलं. शेवटचं काम होतं लाइनमधली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. लेक कॉलेजला, ही माहेरी. अण्णा म्हणाले, "मी बसतो. पाय आहेत मला."

त्यांना धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. हात आपोआप स्टिअरिंगवर गेले, मग गिअरच्या दांडीवर. मी सगळ्यात लांबच्या मागच्या चाकापाशी बसून सांगत होतो. "दाबा. धरून ठेवा." निपल सैल केला, बुडबुडे आले, आवळला. "सोडा." पुन्हा "दाबा." एका चाकाला वीस-पंचवीस वेळा. चारही चाकं होईपर्यंत पाऊण तास गेला. ते एकदाही "झालं का?" म्हणाले नाहीत.

शेवटच्या चाकाचे बुडबुडे संपले. अण्णा म्हणाले, "आता पाय टेकला बघ."

वहीत त्या दिवशी तेवढंच लिहिलं आहे.

पत्रा अजून व्हायचा आहे, नोंदणी व्हायची आहे, माहुली व्हायची आहे. सध्या रोज संध्याकाळी अण्णा दहा मिनिटं सीटवर बसतात आणि मी माझा अर्धा तास करतो.

आजची कृती

आपल्या घरात किंवा मनात असं एक काम शोधा, जे सुरू होऊन अडलं आहे. त्याचा सगळ्यात लहान तुकडा कुठला, ते कागदावर लिहा. आज फक्त तेवढंच करा.

आणि त्या कामातली एक गोष्ट सोडा: तुलना, तारीख किंवा हट्ट. कुठली, ते तुमचं तुम्हाला माहीत असेल.

उद्या भेटू या, पुढच्या श्लोकासह.